कच्च्या लिंबाचा डाव

एका शाळेत ना, एक झोका होता. लाल लाल. कर्र कुर्र वाजायचा.

झोक्यावर बसली रिठी. रिठी म्हणजे खारीचं पिल्लू हं. एवढुस्सं.

आलं रेडकू. धम्म धम्म. दिला धक्का.

"फूट. तू कच्चं लिंबू. तुला डाव नाही."

खेळात सगळ्यांत छोटं कोण? तेच कच्चं लिंबू. त्याला आउट करत नाहीत. आणि रेडकूनं तर हाकलूनच दिलं.

रिठी पडली, धप्प. झोक्यावर बसलं रेडकू. शेपटी मातीत. डोळ्यांत पाणी.

निघाली रिठी. तुरुतुरु, तुरुतुरु. आला पोपट.

"पोपटदादा, पोपटदादा, तू बोल.
तू बोललास तर रेडकू उठेल.
रेडकू उठलं तर मला डाव मिळेल."

पोपट म्हणाला, "मी एकटा कशाला बोलू? शेळी बोलली तर बोलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. शेळी डबा खात होती. मचमच, मचमच.

"शेळीताई, शेळीताई, तू बोल.
तू बोललीस तर पोपट बोलेल.
पोपट बोलला तर रेडकू उठेल.
रेडकू उठलं तर मला डाव मिळेल."

शेळी म्हणाली, "मी एकटी कशाला बोलू? मुंगी बोलली तर बोलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी भिंतीपाशी उभी. एकटीच.

"मुंगीताई, मुंगीताई, तू बोल.
तू बोललीस तर शेळी बोलेल.
शेळी बोलली तर पोपट बोलेल.
पोपट बोलला तर रेडकू उठेल.
रेडकू उठलं तर मला डाव मिळेल."

मुंगी म्हणाली, "काल मी कच्चं लिंबू होते. काल मला ढकललं. तेव्हा तू कुठे होतीस?"

रिठीला कालचं आठवलं.

कुठे होती? तिथेच होती की. झोक्याच्या रांगेत. बघत होती. म्हणून तर मुंगी आज खेळायलाच आली नाही.

"चुकलं गं माझं," रिठी म्हणाली. "मी बोलायला हवं होतं."

मुंगीनं डोळे पुसले. "चल. दोघी बोलू."

मग मुंगी बोलली, रिठी बोलली.
मुंगी बोलली, तशी शेळी बोलली.
शेळी बोलली, तसा पोपट बोलला.
पोपट बोलला, तसं रेडकू उठलं.

मान खाली. शेपूट खाली. "चुकलं," म्हणालं हळूच.

रिठीला डाव मिळाला. तिनं मुंगीला शेपटीवर घेतलं. कर्र कुर्र, कर्र कुर्र. मागून झोका कोण देतंय? रेडकू.

टण टण टण. सुट्टी संपली.

"माझा कालचा डाव राहिलाच," मुंगी म्हणाली.

"राहिला गं," रिठी म्हणाली. "उद्या आधी तू बस. मी उभी राहते तुझ्याजवळ."

झोका थांबला हळूहळू, गोष्ट थांबली हळूहळू.