आठ पायांचं दर्शन

सोनगिरीच्या राजाने टेकडीवर देऊळ बांधलं. त्याची घंटा ओतली रायबा ओताऱ्याने. पण पाय लुळे असल्यामुळे त्याला ती वाजवायला पायऱ्या चढून वर जाता येईना. म्हणून त्याने दरबारात गाडा चढेल अशी बिनपायऱ्यांची वाट मागितली.

कारभारी गुरकावले, "स्वतःच्या पायांनी चढेल त्यालाच दर्शन, असा नियम आहे!"

रायबाने हात जोडले. "मग महाराजांना अजून दर्शन घडलंच नाही म्हणायचं. ते तर पालखीत बसून भोयांच्या आठ पायांनी चढतात."

राजा खदखदून हसला. "वाट बांधा! रायबा, चढ किती ठेवायचा?"

"आईसाहेबांना धाप लागणार नाही इतकाच, महाराज."

राजाचं हसू ओसरलं. पालखीच्या हिंदकळण्याला भिणाऱ्या त्याच्या आईसाहेबांनीही देऊळ अजून पाहिलं नव्हतं.