पिंजीच्या खोक्यातला दिवा

एक होतं खोकं. खोक्यात होता भुसा. भुशावर होती कोंबडीची चार पिल्लं. पिवळी पिवळी.

त्यांची आई नव्हती. मुंगसानं नेली होती.

म्हणून सुंदरानानीनं खोक्यावर एक दिवा टांगला. दिव्याची ऊब छान. पिल्लं दिव्याखाली झोपायची.

मग एक दिवस सुंदरानानीही वारली. रेडिओच्या दुकानात तिचे यादोनाना एकटे उरले. यादोनाना रेडिओ दुरुस्त करायचे. पण आता ते काहीच करत नव्हते.

पौषातली दुपार होती. आभाळ भरलेलं. वारा गार गार.

आणि टिक्! दिवा विझला.

खोक्यात अंधार. खोक्यात गारठा. सगळ्यात धाकटं पिल्लू थरथरलं. थर थर थर. मग ते थरथरायचंही थांबलं.

त्याची बहीण होती पिंजी. पिंजीनं त्याला पंखाखाली घेतलं. पण पंख केवढा? बोटाएवढा.

पिंजी खोक्याच्या काठावर चढली.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना! भाऊ माझा गारठला."

"नाही लागणार," दिवा म्हणाला. "तारेनं वीज आणली तर लागेन. तारेला सांग."

पिंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तारताई, तारताई, वीज आण ना! दिवा लागेना, भाऊ माझा गारठला."

"कशी आणू?" तार म्हणाली. "उंदरानं मला कुरतडलं. मी मधेच तुटले. विजेला अख्खी वाट लागते. जायलाही आणि परत यायलाही. सळईनं डाख लावला तर जुळेन. सळईला सांग."

सळई म्हणजे नानांचं हत्यार. ती तापते, कथलाचा डाख वितळवते आणि तुटलेली तार जोडते.

पिंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सळईमावशी, सळईमावशी, ताप ना! तार जुळेना, दिवा लागेना, भाऊ माझा गारठला."

"नाही तापणार," सळई म्हणाली. "आठ दिवस झाले, नानांनी मला हात लावला नाही. नाना उठले तर तापेन. नानांना सांग."

पिंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

नाना दारात बसले होते. रस्त्याकडे बघत. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"नाना, नाना, उठा ना! सळई तापेना, तार जुळेना, दिवा लागेना, भाऊ माझा गारठला."

नानांनी सुस्कारा सोडला. "उठवत नाही गं, बाळा. नानी होती तेव्हा दिवसभर रेडिओ चालायचा. आता सगळं सुनं सुनं. रेडिओ बोलला तर उठेन. रेडिओला सांग."

पिंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

रेडिओ कोपऱ्यात आडवा पडला होता. पाठीचं झाकण उघडं.

"रेडिओकाका, रेडिओकाका, बोला ना! नाना उठेनात, सळई तापेना, तार जुळेना, दिवा लागेना, भाऊ माझा गारठला."

"कसा बोलू?" रेडिओ म्हणाला. "माझा आजोबा होता पेटीएवढा. त्याच्या पोटात काचेचे दिवे. तो आधी तापायचा, मग बोलायचा. माझ्या पोटात दिवे नाहीत. वाटाण्याएवढे तुकडे आहेत. मला तापावं लागत नाही. पण सेल लागतो. माझा एक सेल बाहेर पडलाय. तो आत आला तर बोलेन. सेलला सांग."

पिंजी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सेलभाऊ, सेलभाऊ, आत जा ना! रेडिओ बोलेना, नाना उठेनात, सळई तापेना, तार जुळेना, दिवा लागेना, भाऊ माझा गारठला."

"मी नाही म्हणत नाही," सेल म्हणाला. "पण मला पाय नाहीत."

पिंजीनं इकडे पाहिलं. पिंजीनं तिकडे पाहिलं. आता सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

मग तिनंच सेलला चोच लावली. ढकललं. गड. पुन्हा ढकललं. गड गड. सेल जड. पिंजी हलकी. तिचा पाय घसरला. तिची चोच दुखली. गड गड गड... खट्! सेल आत गेला.

रेडिओ गप्प.

"मी उलटा गेलो," सेल म्हणाला. "माझं बोंड पुढे हवं. चपटी बाजू स्प्रिंगकडे हवी. तरच वीज फिरेल."

पिंजी रडली. पिव... पिव...

रडत रडतच तिनं सेल बाहेर ओढला. वळवला. पुन्हा ढकलला. गड गड गड... खट्!

खर्रर्र! रेडिओ बोलला.

"आज थंडी वाढणार आहे. लहान पिल्लांना उबेत ठेवा."

नाना दचकले. "अगं सुंदरा, ऐकलंस का? पिल्लं!" त्यांनी मागे वळून पाहिलं.

मागे कुणीच नव्हतं.

नाना अंधाऱ्या खोक्याकडे वळले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले.

रेडिओ बोलला, नाना उठले. नाना उठले, सळई तापली. नानांनी दिव्याचं बटण आधी बंद केलं. सळईनं डाख लावला. सुर्रर्र! सळई तापली, तार जुळली. नानांनी तारेवर पट्टी गुंडाळली. मग बटण दाबलं. टिक्! तार जुळली, दिवा लागला.

पण धाकटं पिल्लू हललं नाही.

नानांनी त्याला ओंजळीत घेतलं. दिव्याखाली धरलं. "उठ रे राजा," नाना हळूच म्हणाले. पिंजी बघत राहिली. किती तरी वेळ बघत राहिली.

मग पिल्लाचा एक पाय हलला. एक डोळा उघडला.

"पिव."

"आहे रे, जीव आहे!" नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले.

नानांनी त्याला भुशावर ठेवलं. पिंजी त्याला चिकटून बसली. बाहेर वारा सुटला. नानांनी अंगावरची शाल काढली आणि खोक्याभोवती गुंडाळली.

चार पिल्लं निजली. आता आपणही निजू या.