चिखलातली पिकअप आणि केरबाचा कासरा

त्या दिवशी हवा अशी झकास होती, की कुणाला नोकरीवरून काढायचं कुणाच्या मनातही येऊ नये. रात्री एक अवेळी सर पडून गेली होती. सकाळी स्वच्छ ऊन, वारा थंडगार. पण त्या सरीनं आबासाहेब मोकाशींच्या दगडखाणीतली चढण निसरडी करून ठेवली, आणि दगडांनी भरलेली त्यांची दणकट पिकअप अर्ध्यावरच रुतली. मागचं डावं चाक चिखलात गरागरा फिरत होतं. उजवं चाक कोरड्या मुरमावर होतं, आणि सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं स्वस्थ होतं.

"केरबा, खाली उतर!" आबासाहेब वरून गरजले.

केरबा उतरला. सावकाशच उतरला. चाळीस वर्षं बैलगाडी हाकून मग पिकअपवर आलेला माणूस तो. घाई त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

आबासाहेबांच्या शेजारी त्यांचा पुतण्या रणधीर उभा होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात तीन रंगीत माहितीपत्रकं. रणधीर स्वतः गाडी चालवत नसे, त्यामुळे गाडीबद्दलचं त्याचं ज्ञान कुठंही अडत नसे.

"काका, दोष दोघांचा," तो म्हणाला. "एक हा अडाणी ड्रायव्हर, आणि दुसरा मागच्या चाकांमधला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल. इंजिनाचा जोर तो दोन चाकांत वाटतो. तो बदलला पाहिजे. तीन प्रकार आणलेत. पहिला दोन्ही चाकं कायमची एकमेकांना जखडून टाकतो."

"आणि घाटाच्या वळणावर? बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, गाढवा! टायर घासून मी भिकेला लागेन. नको!"

"दुसरा चाक घसरलं की आपोआप आवळतो. थोडासा."

"थोडंसं काम करणारे माझ्याकडं चिक्कार आहेत. पुढं?"

"तिसरा बटण दाबलं की जखडतो, सोडलं की सुटतो."

"केवढ्याला?"

रणधीरनं आकडा सांगितला. आबासाहेबांनी छातीवर हात ठेवला.

"केरबा!" ते म्हणाले. "ऐक. चिखलात दोन्ही चाकं एक हवीत, वळणावर दोन हवीत. नवा गोळा घ्यायचा नाही. ट्रॅक्टर लावायचा नाही, दगड उतरवायचा नाही, चाकाखाली काही घालायचं नाही. दुपारच्या जेवणाआधी गाडी वर आण. नाहीतर किल्ली रणधीरच्या हातात दे आणि घरी जा!"

खाणीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. केरबाच्या घरात ती किल्ली होती म्हणून चूल होती.

केरबा डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. तंबाखू मळली, तोंडात टाकली, चाकाकडं बघत राहिला.

"मंत्र म्हणतोयस काय रे?" रणधीर हसला.

"न्हाई, धाकलं मालक. शिकतोय तुमच्याकडनं. आत्ता जोर कुठल्या चाकाला जातोय?"

"डाव्याला. जे मोकळं फिरतं, त्यालाच. गोळ्याचा नियमच आहे तो!"

"म्हंजे ज्याचा पाय भुईला टेकत न्हाई त्याला सगळं, आणि ज्यानं पाय रोवलाय त्याला काय न्हाई?"

"बरोब्बर! एवढं तरी कळलं तुला."

"कळलं की," केरबा म्हणाला आणि गाडीत चढला.

पहिला गिअर टाकला. उजव्या पायानं जोर दिला, आणि डाव्या हातानं हँडब्रेक ओढायला लागला. एक दात. दोन दात. तीन. फिरणारं डावं चाक कुरकुरलं, मंदावलं. आणि मग उजवं चाक थरथरलं, त्यानं मुरमात दात रोवले, आणि गाडी कण्हत कुथत वर यायला लागली! वर आल्यावर केरबानं ब्रेक सोडला आणि आबासाहेबांभोवती एक मोठं वळण घेऊन गाडी उभी केली.

"चिखलात एक, वळणावर दोन," तो म्हणाला. "जेवायला अजून येळ हाय, मालक."

"अरे, पण केलंस काय?"

"कासरा वढला. जोडीतला एक बैल नुसता उधळला की जू तिरकं हुतं, दुसऱ्याच्या खांद्यावर वजन येतच न्हाई. मग उभ्या बैलाला मारून काय उपेग? उधळलेल्याला आवरायचं."

"थापा!" रणधीर ओरडला. "हँडब्रेक दोन्ही चाकांना लागतो! उजव्यालाही लागला असणार!"

"लागला की. पर जे उभंच हाय, त्याला थांब म्हटलं तर त्याचं काय बिघडतंय?"

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पण केरबा, हा कसला रे नियम? हवेत फिरेल त्यालाच सगळं?"

"मी अडाणी, मला काय ठावं?" केरबाची नजर रणधीरच्या काळ्या चष्म्यावरून त्याच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलवर गेली. "पर तुमच्या घरात तरी येगळं कुठं हाय?"

आबासाहेब लाल झाले. मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं, की ते दगडावरच बसले!

"खरं आहे! आमच्या घरात हँडब्रेकच नाही रे!" त्यांनी डोळे पुसले. "बोल, तीनपैकी कुठला गोळा घेऊ?"

"बटणाचा. रोज रोज वढला तर कासरा तुटतो, मालक."

"घेतला! रणधीर, तुझी मोटारसायकल विकायची आणि गोळा आणायचा. बटण केरबाच्या हाताशी, किल्ली जन्मभर केरबाकडं, आणि पगार दीडपट. आणि तू उद्यापासून याच्या गाडीवर क्लीनर! पाय जरा भुईला टेकू देत."

केरबा घरी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती. शेजारची हौसाक्का कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून वाटच बघत होती.

"केरबा भावजी, उद्या कामावर जाताना जरा पारावरनं जावा. आमचं धनी रोज सकाळधरनं तिथं गरागरा फिरत्यात, आणि मी हितं पाय रोवून बसलीया. तेवढा ब्रेक वढून जावा!"