आग्या मोहोळाचं उत्तर

फार जुनी गोष्ट. वेळ दुपारची, ठिकाण काळ्या कड्याचा पायथा. सिंहाचा कारभारी तरस वर लटकलेल्या आग्या मोहोळाकडे पाहून ओरडला, "कडा रिकामा करा! इथे महाराजांची गुहा व्हायची आहे. तुमच्या राणीने दरबारात येऊन होकार दिलाय, असं खुद्द महाराजांनीच सांगितलंय."

एक म्हातारी माशी त्याच्या नाकासमोर येऊन भिरभिरली. "अहो कारभारी, आमची राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही. घर सोडायचं की नाही, ते आम्ही सगळ्या मिळून ठरवतो."

"मग ठरवा लवकर!"

म्हातारी मोहोळावर परतली आणि थरथरली. तिला पाहून शेजारीण थरथरली, मग तिची शेजारीण. बघता बघता अख्ख्या मोहोळावरून एक काळी, लखलखती लाट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तरसाने माना डोलावणारे दरबारी जन्मभर पाहिले होते, पण असं एकमत कधी पाहिलं नव्हतं. तो तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

"याला 'नाही' म्हणतात, कारभारी," म्हातारी वरून म्हणाली. "आणि आमची राणी या मोहोळातून कधी हललेलीच नाही. मग तुमच्या दरबारात होकार दिला कुणी?"

तरसाने तोच प्रश्न भर दरबारात विचारला. सिंहाने त्याचं उत्तर आजतागायत दिलेलं नाही.