चार बोटांची पट्टी

फार पूर्वी, म्हणजे नियम थोडे होते आणि ते पाळल्याचा अभिमान पुष्कळ होता त्या काळी, एका नदीच्या वळणावर वरची वाडी नावाचं एक गाव होतं. गावापुढे खोल डोह, डोहावर वाकलेली उंबराची झाडं आणि झाडांखाली पाण्यात खडस मासे. खडस म्हणजे त्या नदीचा सरदार. जाड ओठ, ओठांशी चार मिशा, अंगावर तांब्याच्या रंगाचे मोठे मोठे खवले. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की अशी उसळी मारायचा की काठावरचा माणूस भिजून घरी जायचा.

गावाचा नियम एकच होता. चार बोटांहून बारीक आसाचं जाळं डोहात टाकायचं नाही. आस म्हणजे जाळ्याचं भोक. ते रुंद असलं की लहान मासा निसटतो, वाढतो, अंडी घालतो आणि मग खुशाल माणसाच्या कालवणात येतो. बोटं माणसागणिक वेगळी, म्हणून कुणा शहाण्या पूर्वजानं चार बोटं रुंदीची एक लाकडी पट्टी करून ठेवली होती. पट्टीभोवती दोरा घ्यायचा, गाठ मारायची, की आस नेमकी पट्टीएवढी.

ही पट्टी नदीकाठच्या देवीच्या देवळात असे. दर वर्षी मासेमारी सुरू होण्याआधी तिला नदीच्या वाळूनं लख्ख घासत, तेल लावत, कुंकू वाहत. मग ती वाजतगाजत येसबाच्या घरी येई. गावातली सगळी जाळी विणायचा मान येसबाच्या घराण्याकडे होता. जाळी झाली की पट्टी परत देवळात जाई आणि गावचे कारभारी तीच पट्टी घेऊन एकेक जाळं तपासत. शंभर वर्षांत एकही जाळं नापास झालं नव्हतं. ज्या पट्टीवर विणलं त्याच पट्टीनं तपासलं तर नापास होणार कसं, हे विचारण्याइतका उद्धट माणूस अजून गावात जन्माला आला नव्हता.

मासे मात्र रोडावत चालले होते. हंगामातला पहिला खडस देवीपुढे पितळी परातीत ठेवायचा आणि त्याचं डोकं मानाच्या पागोट्यासह येसबाच्या घरी पाठवायचं, अशी रीत होती. येसबाच्या आजोबांच्या वेळी खडसाची शेपटी परातीबाहेर लोंबायची. वडिलांच्या वेळी मासा परातीत मावू लागला. यंदा कारभाऱ्यांनी तो लिंबाशेजारी ठेवला, तर लिंबू मोठं दिसलं.

गावानं कारणं शोधली. आधी पाणमांजरांवर खापर फुटलं. मग पावसावर. पाणमांजरं आणि पाऊस दोघंही बैठकीला येईनात, तेव्हा नदीच्या उताराकडच्या खालच्या वाडीची आठवण झाली.

"ते लोक चोरून बारीक जाळी लावतात," कारभारी म्हणाले. "आपण नियमानं वागतो म्हणजे दोष त्यांचाच. आठ दिवसांनी देवळात बैठक. खालच्या वाडीशी रोटीबेटी बंद."

 येसबाच्या लेकीचं लग्न तर खालच्या वाडीतच ठरलं होतं. सुपारी फुटली होती, साडी आली होती, आणि लेक दिवसातून चार वेळा ती साडी नीट घडी करण्याच्या निमित्तानं उलगडत होती.

पण गावापुढे बोलायचं काय? येसबा घरी येऊन ओट्यावर बसला आणि गुडघ्यांकडे बघत राहिला.

त्याची बायको गजरा परसात कोंबड्यांशी भांडत होती. वाफ्यातली कोवळी मेथी पिलं खुडत होती, म्हणून तिनं वाफ्याला जाळ्यांचं कुंपण केलं होतं. एका बाजूला येसबानं विणलेलं फाटकं जाळं, दुसऱ्या बाजूला माळ्यावर सापडलेलं त्याच्या आजोबांच्या तरुणपणीचं.

"अहो, तुमच्या आजोबांना जाळं विणता येत होतं का?" तिनं तिथूनच विचारलं.

"तोंड सांभाळ. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी गाठ कुणाची नव्हती."

"गाठीचं कौतुक असू द्या. त्यांच्या जाळ्यातून पिलं जत्रेला निघाल्यासारखी आत येतात. तुमच्या जाळ्यातून एकही शिरत नाही."

"पिलं वेगळी असतील."

"तीच पिलं आहेत हो. मी काय रोज नवी आणते?"

येसबा उठला. त्यानं एक पिल्लू धरून आजोबांच्या जाळ्यापुढे सोडलं. ते टुणकन आत गेलं. तेच पुन्हा धरून स्वतःच्या जाळ्यापुढे सोडलं. पिलानं डोकं घातलं, अंग अडकवलं आणि असा कालवा केला की कोंबडी येसबाच्या धोतराला टोचू लागली.

दोन्ही जाळी एकाच पट्टीवर विणलेली! येसबानं आजोबांच्या जाळ्याच्या आसात बोटं घातली. चार बसली. आपल्या जाळ्यात घातली. दोन बसली आणि वर नखभर जागा उरली.

तो खाली मेथीतच बसला. शंभर वर्षं वाळूनं घासलेली पट्टी. शंभर वर्षं दोरा फिरलेली पट्टी. तिच्या कडा भक्तीनं झिजल्या होत्या आणि कामानंही. ती दर वर्षी केसभर अरुंद होत होती आणि गाव दर वर्षी तिला नमस्कार करत होतं.

"आता गं?" तो म्हणाला. "हे बोललो तर गावातली सगळी जाळी खोटी ठरतील. ती सगळी माझ्या हातची. पागोटं जाईल, मान जाईल."

"आणि नाही बोललात तर?"

येसबानं घराकडे पाहिलं. आत लेक साडीची घडी करत होती.

"पागोट्याला तसंही भोक पडलंय," गजरा म्हणाली. "चार बोटांचं आहे. मी मोजलंय."

आठव्या दिवशी बैठक भरली. कारभाऱ्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात येसबा उठला, देवीपुढची पट्टी घेतली आणि तिच्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली. दोन बोटं बाहेर राहिली.

"तुझी बोटं सुजलीत," कारभारी म्हणाले.

"मग तुमची ठेवा, कारभारी."

कारभाऱ्यांनी ठेवली. त्यांचीही सुजलेली निघाली. मग पुजाऱ्याची, सुताराची, झाडून सगळ्यांची. सबंध गावाला एकाच दिवशी सूज आली होती.

"पट्टी चुकायची नाही," कारभारी ठामपणे म्हणाले. "बोटंच चुकली असतील."

तेव्हा दाराशी उभ्या गजरानं दोन्ही जाळी समोर धरली आणि पदराखालून पिल्लू काढलं. पिलाला ना पट्टीची भक्ती, ना कारभाऱ्यांचा धाक. एका जाळ्यातून ते पार झालं, दुसऱ्यात अडकून त्यानं देऊळ डोक्यावर घेतलं. सभेत आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणालाच हसू आवरेना.

येसबानं पागोटं काढून देवीपुढे ठेवलं. "खालच्या वाडीनं चोरी केली नाही," तो म्हणाला. "पोरसवदा मासा आपणच वर अडवत होतो. मोठा होऊन खाली जाणार कोण? जाळी माझ्या हातची आहेत. हात माझे, चूकही माझी."

कारभाऱ्यांनी पट्टी उचलून परत देवीपुढे ठेवली. मग म्हणाले, "विणलीस तू. पण पास मी केली." आणि त्यांनी आपलं पागोटं येसबाच्या पागोट्याशेजारी ठेवलं.

त्याच आठवड्यात सगळ्या जाळ्यांच्या गाठी सोडल्या. दोन वर्षं डोहात जाळं टाकायचं नाही असं ठरलं. फक्त काठी, दोरा आणि मोठा गळ, ज्याला लहान माशाचं तोंड पुरणार नाही. आमिषाला पिकलं उंबर. जाळं टाकून झोपा काढणारे लोक आता दिवसभर गळ धरून बसू लागले आणि गावात प्रथमच एकमेकांशी बोलू लागले.

खालच्या वाडीला कारभारी स्वतः गेले, हात जोडून. लग्न ठरल्या दिवशीच झालं. पंगतीला मासा नव्हता, भोपळा होता. खालच्या वाडीच्या पाहुण्यांनी त्यावर इतक्या कोट्या केल्या की वरच्या वाडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण भोपळा सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.

तिसऱ्या वर्षी येसबानं आजोबांच्या जाळ्यावरून माप घेऊन नवी जाळी विणली. पहिलं जाळं ओढताना ते हलेना. दोन्ही वाड्यांचे लोक दोराला लागले. पाण्यातून तांबूस पाठ वर आली, शेपटीचा एक तडाखा बसला आणि कारभारी डोहात गेले. त्यांचं नवं पागोटं वेगळं तरंगत गेलं. ते वर आले ते ओरडतच, "मला सोडा, मासा धरा!"

त्या दिवशी खडसाची शेपटी परातीबाहेर वीतभर लोंबत होती. मानाचं डोकं येसबाच्या हाती आलं. त्यानं ते गजराला दिलं. तिनं तिथल्या तिथे कालवणाचा बेत सांगितला आणि माहेरी आलेल्या लेकीच्या पानात पहिली वाढणी केली.

जुनी पट्टी अजून देवळात आहे. तिला कुंकू वाहतात, घासतात, नमस्कार करतात, फक्त मापाला घेत नाहीत. जाळी तपासायचं काम आता गजराच्या परसातल्या पंधरा दिवसांच्या पिलाकडे असतं. आरपार गेलं तर जाळं पास. अडकलं तर येसबा निमूटपणे गाठी सोडायला बसतो आणि कारभारी त्याला दोरा धरू लागतात. पिल्लू दर वर्षी नवं असतं. ते झिजत नाही आणि त्याची कुणी पूजाही करत नाही.

तात्पर्य, ज्यांना ते वेगळं लागतं त्यांच्यासाठी: ज्या मापावर आपला सगळ्यात जास्त विश्वास, ते दर वर्षी एकदा दुसऱ्या मापाशी लावून पाहावं, आणि ते चुकीचं निघालं, तर शेजाऱ्याच्या दारी जाण्याआधी आपल्या गाठी सोडाव्यात.