मिरचीच्या देठावरची परी

डोंगराआड मिरचीच्या मळ्यांचं एक गाव होतं. तिथल्या बाजारात हिंगापासून हळदीपर्यंत सारं मिळे, पण सगूला हवं होतं ते कुठल्याच दुकानात नव्हतं. तिला हवं होतं चमचाभर विरजण.

तिचा धाकटा भाऊ धोंडू लांबलेल्या तापानं पिठासारखा पांढरा पडला होता. वैद्यबुवा म्हणाले होते, "रक्त हाडांच्या आत घडतं, पोरी. पण याच्या पोटात काही टिकेना, तर हाडं ते घडवणार कशातून? औषध चालू ठेव, घरचं ताजं दही दे. आणि जप, साधी सर्दीही याला झेपायची नाही."

शेळीचं दूध घरात होतं. विरजण मागायला सगू शेजारच्या कोंडाबाईंकडे गेली, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. "तुमच्या घरचं दुखणं माझ्या चमच्याला नको, बाई."

मिरचीच्या देठांनीही दूध विरजतं, हे सगूला ठाऊक होतं. ती मळ्यात गेली. लालचुटुक मिरच्या हाताशी लोंबत होत्या, पण माल दुसऱ्याचा. तिनं खाली गळलेले देठच तेवढे वेचले.

तोच एका इवल्याशा पांढऱ्या फुलातून मोतिया झगमग उसळली. हिरव्या झिरझिरीत परकरातली बोटभर परी देठावर बसून पाय हलवत होती.

"दुसऱ्याच्या मालाला हात लावला नाहीस, आवडलं मला. माग काय ते."

"धोंडूच्या अंगात रक्त भर."

"ते त्याच्याच हाडांचं काम गं. पण माझी चिमुकली माणसं आहेत, डोळ्यांना न दिसणारी. ती दह्यातून पोटात उतरतात आणि हाडांना जागं करतात. अटी दोनच. सूर्य कलेपर्यंत भांडं हलवायचं नाही की उघडायचं नाही. आणि पहिला चमचा मागेल त्याचा."

"चुकलं तर?"

"तर दूध दूधच राहील."

सगूनं घरी येऊन कोमट दुधात देठ सोडले. दुपारी धोंडूला हुडहुडी भरली. "ताई, झालं का गं?" सगूचा हात झाकणाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

सूर्य कलला. तिनं झाकण काढलं. कडेला चमचाभर दही लागलं होतं. बाकी पातळ दूध.

तेवढ्यात दारात कोंडाबाई. खांद्यावर मलूल नातू. "सगू, याच्याही पोटात काही ठरेना. माझं विरजण नासलं बघ. चमचाभर देशील?"

सगूनं धोंडूच्या फिकट ओठांकडे पाहिलं. हा चमचा गेला तर त्याला काय? तिनं तो वाटीत घातला. "कढत दुधात नका घालू, मावशी. मरतील ती यातली चिमुकली माणसं."

"मी तुला दारातून परत धाडलं होतं गं."

"असू दे. आधी त्याचं बघा."

कोंडाबाई वळल्या आणि भांड्यात गुलाबी, सोनेरी, चंदेरी लाटा उठल्या. पाहता पाहता दही कवडीसारखं घट्ट झालं. काठावर परी टेकली होती.

धोंडू एका दिवसात बरा झाला नाही. कधी ताप चढे, कधी घास उलटे, आणि सगू श्वास रोखून बसे. परी काठावरून हलली नाही. हळूहळू त्याच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या. एके सकाळी त्यानं सगूचा हात झटकला.

"साय माझी. काल तूच खाल्लीस, लबाडे."

सगू हसता हसता रडू लागली. काठावरची परी लखलखली, उजेडाचा एक झुळझुळता झोत झाली आणि खिडकीतून निघून गेली.