भिंगरी आणि राखणदाराची हाक

एका गावात एक राखणदार होता. त्याचं तोंड गावाला क्वचितच दिसायचं, आवाज मात्र दिवसभर ऐकू यायचा. नाव सिद्राम. जोंधळ्याचा दाणा दुधात आला की तो धुळप्पाअण्णांच्या शेतातल्या मचाणावर चढायचा आणि पीक निघेपर्यंत जेवणापुरता खाली उतरायचा. त्याने एकदा ‘हाऽऽ होऽऽ’ केलं की तीन बांधांपलीकडचे भोरड्या पाखरांचे थवे उठायचे. एखादा थवा तरीही चिवटपणे कणसांवर बसून राहिला, तर गोफण गरगर फिरायची, सट्‌कन आवाज व्हायचा आणि थवा थेट पुढच्या गावाच्या शिवेत जाऊन उतरायचा. पुढच्या गावचे लोक सिद्रामला मनापासून शिव्या द्यायचे, आणि अण्णा त्याला दर वर्षी नवं धोतर द्यायचे.

त्याची बायको गौराबाई त्या वर्षी दसऱ्याला माहेराहून येताना पदराखाली एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. एकुलती लेक लग्न होऊन गेली होती. शेतातल्या त्यांच्या खोपीत नवराबायकोला एकमेकांशी बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पिल्लू आलं आणि खोपीत पुन्हा हसू आलं. आनंद झाला की ते जागच्या जागी गरगर फिरायचं, आणि त्याला आनंद व्हायला काहीही पुरायचं. भाकरीचा वास आला, वारा सुटला, बैलाने शेपूट हलवली, की सुरू. म्हणून नाव पडलं भिंगरी.

संक्रांतीपर्यंत भिंगरी गुडघ्याएवढी झाली. अंग वाढलं, अक्कल तेवढी मागे राहिली. दिसेल त्याच्या अंगावर उडी, उडेल त्याच्यामागे धाव. सिद्रामला तिचा लळा लागला होता, आणि लळ्याबरोबर भीतीही लागली. शेताच्या मधोमध एक जुनी विहीर होती. सहा परस, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, काठाला कठडा नाही, आजूबाजूला गवत माजलेलं. मोट बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. चाक बसवायचं आडवं लाकूड तेवढं एका टोकाला दगडात रुतून, दुसऱ्या टोकाने विहिरीवर लोंबकळत राहिलं होतं. चार वर्षांपूर्वी सिद्रामचं एक खोंड त्या विहिरीत गेलं होतं. त्याचा तो शेवटचा हंबरडा सिद्रामच्या कानातून अजून गेला नव्हता.

त्यामुळे मचाणावर बसल्या बसल्या त्याचा एक डोळा पाखरांवर आणि एक भिंगरीवर असायचा. ती विहिरीच्या दिशेने वळली की याला ते खोंड आठवायचं, आणि जेवढी भीती मोठी तेवढी हाक मोठी. “भिंगरेऽऽ!” भिंगरी दचकायची. तरीही ती थांबली नाही, तर गोफणीतला खडा तिच्यापुढे हातभर अंतरावर येऊन आदळायचा. खडा तिला कधी लागला नाही. लागू द्यायचाही नव्हता. पण ती शेपूट पायात घालून पळत सुटायची ती बांधापाशी जाऊनच थांबायची. म्हणजे विहिरीपासून लांब. सिद्राम घाम पुसायचा. आपली हाक लागू पडते, असं त्याला वाटायचं.

गौराबाईची तऱ्हा निराळी. ती चुलीपुढे बसून, मान वरसुद्धा न करता, जमिनीवर दोनदा हात थोपटायची. “यू यू. ये गं बाई.” आणि ती वावटळ येऊन तिच्या गुडघ्याशी निवांत बसायची.

“माझं बी ऐकती की ती,” सिद्राम एकदा म्हणाला.

“ऐकती म्हंजे लांब जाती. जवळ कुठं येती?” गौराबाई म्हणाली. “अवो, तुमचा आवाज चढला की मीच दोन पावलं मागं सरते. ती तर कालचं पिल्लू.”

सिद्राम हसला आणि मचाणावर चढला. बायकोचं बोलणं त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

मग एक दिवस धुळप्पाअण्णा पाहुण्यांना घेऊन हुरडा खायला आले. नवीन माणसं बघून भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. ती चार वेळा गरगर फिरली आणि सरळ अण्णांच्या छातीवर. अण्णा वजनदार माणूस. पांढऱ्या स्वच्छ धोतरानिशी ते पाटाच्या चिखलात बसले, आणि पाहुण्यांना हसू दाबायला फार कष्ट पडले. मचाणावरून सिद्रामने आकाशपाताळ एक केलं. भिंगरी पळाली ती पार दिसेनाशी झाली.

अण्णा उठले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “सिद्रामा, आजपासून धाव्या दिवशी कनसं खुडायला चाळीस बायका येनार. चाळीस विळे. ही अशी कुनाच्या अंगावर उडाली तर बोट तरी जाईल नाहीतर डोळा. धा दिवसात हिला वळण लाव. न्हाई लागलं, तर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून देऊ.”

बोलणं वाजवी होतं. गौराबाईने तव्यावरची भाकरी करपू दिली, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या दिवसापासून सिद्रामने शिकवणी सुरू केली. शिकवणी म्हणजे काय, तर ओरडा. “बस!” म्हणून ओरडला, भिंगरी उडाली. “ये!” म्हणून ओरडला, भिंगरी पळाली. तास-दोन तासांनी भुकेजून परत आली, तर गेलीस का म्हणून पाठीत धपाटा. दोरीने बांधली, तर ती इतकी गरगरली की दोरी गळ्याभोवती आवळून तिचे डोळे पांढरे झाले. सिद्रामने विळ्याने दोरी कापली आणि तिच्यावरच ओरडला. रोज सकाळी तो बोटांवर दिवस मोजायचा. नऊ राहिले. आठ राहिले. सात. जेवण जाईना. नदीपलीकडे मोकाट कुत्र्यांची एक टोळी फिरायची, ती त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. धास्ती वाढली तसा आवाज वाढला, आणि आवाज वाढला तशी भिंगरी जास्तच बावचळली. आता तर तो नुसता खाकरला तरी ती अंग चोरायची.

पाचव्या दिवशी गौराबाई बाजाराला गेली होती. उन्हं चढली होती. सिद्राम मचाणावर होता, आणि भिंगरी खाली सावलीत पडली होती. निदान त्याला तसं वाटत होतं. त्याने भोरड्यांचा एक थवा हुसकावला, वळून पाहिलं, तर सावलीत कुणी नाही.

त्याची नजर आपसूक विहिरीकडे गेली. मोटेच्या त्या जुन्या लाकडावर एक पारवा बसला होता. आणि त्याच लाकडावर, पारव्याच्या मागे, पोट खाली दाबून, एकेक पाय टाकत भिंगरी चालली होती.

सिद्राम मचाणावरून उतरला की पडला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कणसं छातीवर घेत तो धावत सुटला. तो पोचेपर्यंत पारवा उडून गेला होता. भिंगरी लाकडाच्या पार मध्यावर होती. खाली नुसता खोल गारवा. तिने कशीबशी तोंड फिरवलं, सिद्रामला पाहिलं, आणि तेवढ्यातही तिची शेपटी हलली. एक पाऊल तिने त्याच्याकडे टाकलं.

“भिंगरेऽऽ! माघारी ये!” सिद्राम जीव खाऊन ओरडला.

भिंगरीचे कान पडले. टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं. मग आणखी एक मागे. लाकूड करकरलं. कुजका ढलपा सुटला आणि बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

सिद्राम आणखी जोरात ओरडला. ती आणखी एक पाऊल मागे सरली. आता तिच्या मागे हातभर लाकूड उरलं होतं.

तेव्हा त्याला ते दिसलं. तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती, त्याच्या खांद्यावरच्या गोफणीवर होती. ती ऐकत नव्हती असं नाही. ती ऐकत होती. हा आवाज आला की लांब जायचं, हेच तर त्याने तिला महिनाभर शिकवलं होतं, आणि शहाण्या लेकरासारखी ती तेच करत होती. तिला मारत होती ती विहीर नव्हे, त्याची हाक.

सिद्रामने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. गोफण खांद्यावरून काढून मागे गवतात फेकली. तो काठापासून चार हातांवर मटकन बसला. गौराबाई काय करते ते त्याने आठवलं. ती बघत नाही. ती जमिनीवर थोपटते. त्याने तोंड फिरवून भिंगरीकडे पाठ केली. आयुष्यात याहून अवघड काम त्याने केलं नव्हतं. जीव तिकडे टांगलेला, आणि डोळे इकडे मातीत.

“यू यू,” तो म्हणाला. लहान आवाजाची त्याला सवयच नव्हती. निघाला तो घोगरा, चिरका, कापरा. “ये गं बाई.”

काही हललं नाही. त्याच वेळी डोक्यावरून सळसळ झाली. राखणदार जागेवर नाही, हे पाखरांना बरोबर कळतं. हजारभर भोरड्या त्याच्यासमोर जोंधळ्यात उतरल्या आणि कणसांतले दाणे टिपायला लागल्या. वीस वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत असं कधी झालं नव्हतं. हाक अगदी ओठांशी आली. एक ‘हाऽऽ’, आणि पीक वाचलं असतं. पण मागच्या कुजक्या लाकडावर चार पाय थरथरत होते.

सिद्रामने दात आवळले. समोर अण्णांचं पीक जात होतं आणि तो जमिनीवर हात थोपटत होता. “यू यू. ये गं माझी बाई.”

मागून लाकडावर नखं घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. एक करकर झाली. मग गवत सळसळलं, आणि त्याच्या कोपराला एक गार ओलं नाक टेकलं.

त्याचा हात उगारला गेला. भीतीचा राग हातातूनच बाहेर पडतो, हे कुठल्याही आईबापाला विचारा. पण तो हात तिच्या पाठीवर टेकताना हलकाच टेकला. आज मारलं, तर ही पुन्हा कधी येणार नाही, हे त्याला कळलं होतं. त्याने तिला छातीशी धरलं आणि तो रडला. तिच्या अंगाची थरथर थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही. भोरड्यांनी तोवर आपलं जेवण आटोपलं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्याने बाभळीच्या फांद्या तोडून विहिरीला काटेरी कुंपण घातलं आणि ते लाकूड पहारीने उचकटून विहिरीत पाडलं. महिनाभर ओरडण्यात त्याने जेवढा जीव घातला होता, त्याच्या पाव हिश्शात हे काम झालं. गौराबाई बाजारातून आली, तिने कुंपण पाहिलं, नवऱ्याचे सुजलेले डोळे पाहिले, आणि न विचारता त्याच्या ताटात गूळ जास्त वाढला.

उरलेले पाच दिवस सिद्रामने दोन नेम पाळले. एक, गोफण आणि हाक मचाणावर. खाली पाय टेकला की आवाज खाली. दुसरा, भिंगरी जवळ आली की भाकरीचा तुकडा, मग ती कितीही उशिरा येवो. पहिले दोन दिवस ती लांबूनच बघत राहिली. सिद्राम थोपटत राहिला. घाई त्याला होतीच, पण ती त्याने गिळली.

दहाव्या दिवशी चाळीस बायका विळे घेऊन आल्या, आणि पुढे अण्णा. अण्णांची नजर आधी पिकावर गेली. “सिद्रामा, ह्या दोन ओळींतल्या कनसांत दानंच न्हाईत. तू कुठं होतास?”

“विहिरीपाशी होतो, अण्णा. वरडता आलं न्हाई,” सिद्राम म्हणाला, आणि सगळं जसं घडलं तसं त्याने सांगितलं. काही लपवलं नाही. धोतर जाईल, फार तर काम जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

इतक्यात एवढी माणसं बघून भिंगरी खोपीतून सुसाट सुटली. एक गिरकी, दुसरी गिरकी. बायकांनी विळे उंच धरले. अण्णांनी धोतर सावरलं. गौराबाईने डोळे मिटून घेतले.

सिद्राम खाली बसला. त्याने जमिनीवर दोनदा हात थोपटला आणि तो शेजारच्या माणसाला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ये गं बाई.”

भिंगरी तिसऱ्या गिरकीच्या मधेच थांबली. वळली. सरळ चालत आली आणि त्याच्या गुडघ्याशी बसली. आनंद पोटात मावत नव्हता; शेपटीने धूळ झाडली जात होती, पण ती बसली.

अण्णांनी सावरलेलं धोतर सोडलं. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे हिला हितंच. पन घसा धरलाय का रं तुझा?”

“न्हाई अण्णा,” सिद्राम म्हणाला, “पाखरांसाठी ठेवलाय.”

तात्पर्य: ज्या आवाजाने आपण हाकलतो, त्याच आवाजाने कुणाला जवळ बोलावता येत नाही, म्हणून ज्याच्यावर जीव आहे, त्याला हाक मारण्याआधी आपली भीती आवरावी.